रात्रपाळीतली झोप आणि सतरा वर्षांची नोकरी

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत विणलेल्या प्लास्टिकच्या पोत्यांचा एक कारखाना. सिमेंट, खत, धान्य ज्यात भरतात ती पांढरी पोती. कायम कामगार १४० च्या आसपास, काम तीन पाळ्यांत. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, तिसऱ्या पाळीत, पहाटे पावणेचारला प्लांट मॅनेजर अचानक फेरीला आले. लूम विभागात एक ऑपरेटर कापडाच्या रोलला टेकून झोपलेला सापडला. सतरा वर्षांची नोकरी होती त्याची. पाच महिन्यांनी तो बडतर्फ झाला.

हे प्रकरण अभ्यासासाठी उभं केलं आहे. नागपूरच्या कारखान्यांत आणि लेबर कोर्टात वारंवार दिसणाऱ्या गोष्टी त्यात एकत्र केल्या आहेत, त्यामुळे यातला कारखाना किंवा माणूस कोण हे शोधू नये. कायदा आणि उल्लेख केलेले निकाल मात्र खरे आहेत. घटना नव्या कामगार संहिता लागू होण्याआधीची धरली आहे.

प्रकरण निवडण्याचं कारण असं की यात मालक खोटा नाही. मालकाने बनाव रचला, चौकशीचं नाटक केलं, युनियनच्या माणसाला टिपून काढलं, अशा प्रकरणांत निकाल काय लागावा हे कुणालाही कळतं. इथे कामगार खरोखर झोपला होता. त्याने ते नाकारलंही नाही. चौकशी बऱ्यापैकी नीट झाली. तरी बडतर्फी टिकली नाही, आणि माझ्या मते टिकायलाही नको होती.

त्या रात्री काय झालं

लूम म्हणजे इथे सर्क्युलर लूम. प्लास्टिकच्या पट्ट्या, म्हणजे टेप, चारी बाजूंनी आत येतात, शटल गोल फिरतं आणि नळीसारखं कापड विणत जातं. एका ऑपरेटरकडे सहा लूम. तुटलेली टेप जोडायची, शटलमधली संपलेली बॉबिन बदलायची, कापडावर नजर ठेवायची. त्या वेळी सहापैकी दोन लूम थांबलेले होते. मॅनेजरांनी आधी मोबाइलवर फोटो काढला, मग उठवलं.

"पगार झोपायचा घेता का?"

"साहेब, दिवसभर डोळा लागत नाही जी. खोलीवर पत्रे हायेत. एक नाईट तुम्हीच करून पाहा ना या महिन्यात."

हे शेवटचं वाक्य पुढे चार्जशीटमध्ये 'वरिष्ठांशी उर्मट भाषा' म्हणून आलं.

मे महिन्याचं सांगायला हवं, कारण पूर्ण चौकशीत ते कुणीच सांगितलं नाही. २५ मेच्या सुमाराला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होतो. नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. वानाडोंगरी, इसासनी, निलडोहच्या बाजूला भाड्याच्या खोल्यांत राहणारा तिसऱ्या पाळीचा माणूस सकाळी आठला घरी पोचतो, नऊला आडवा होतो आणि साडेदहापासून पत्रा तापायला लागतो. कूलर असला तरी लाईट जाते, पाणी संपतं. ज्याने इथे मे महिन्यात रात्रपाळी केली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. शिक्षेच्या आदेशावर सही करणाऱ्याने मात्र ती बहुधा केलेली नसते, म्हणून त्याच्यासमोर हे कागदावर यायला हवं.

चौकशी

दुसऱ्या दिवशी निलंबन, आठवड्याभरात चार्जशीट. तीन आरोप: कामावर झोपणं, कामाकडे दुर्लक्ष करून उत्पादनाचं नुकसान आणि मशीनला धोका, वरिष्ठांशी उर्मट वर्तन. निलंबनाच्या काळात निर्वाह भत्ता नियमाप्रमाणे मिळाला, पहिले ९० दिवस निम्मा, पुढे ७५ टक्के. चौकशी अधिकारी बाहेरचे वकील होते. कामगाराच्या मदतीला सहकारी बसू दिला. मॅनेजर आणि शिफ्ट इन्चार्ज यांची साक्ष झाली, उलटतपासणीची संधी दिली गेली, कागदपत्रं दाखवली गेली. पहिले दोन आरोप सिद्ध, तिसरा अंशतः सिद्ध असा अहवाल आला. अहवालाची प्रत देऊन दुसरी कारणे दाखवा नोटीस दिली. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या १९९३ च्या निकालापासून ही प्रत द्यावीच लागते, आणि इथे ती दिली गेली.

त्या नोटिशीला कामगाराचं उत्तर अर्ध्या पानाचं. चूक झाली, पुन्हा होणार नाही, दोन मुली शिकतात, माफ करावं. मस्टरबद्दल, पाळ्यांबद्दल, इतरांना मिळालेल्या शिक्षांबद्दल एक ओळ नाही. व्यवस्थापनाने ते उत्तर कबुली म्हणून फाईलला लावलं. मदतीला बसणारा सहकारी मनाने चांगला असतो, पण शिक्षेच्या टप्प्यावर काय मांडायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. युनियननी आपल्या प्रतिनिधींना नेमकं हेच शिकवायला हवं. आरोप खोडण्यात सगळा जोर जातो, आणि आरोप सिद्ध झाल्यावरही लढण्यासारखं बरंच उरलेलं असतं, तिकडे लक्ष जात नाही.

बडतर्फीचा आदेश दीड पानाचा होता. त्यात शिक्षेबद्दल दोन वाक्यं: "मागील सेवा-अहवाल विचारात घेण्यात आला. गैरवर्तन गंभीर स्वरूपाचे असल्याने बडतर्फ करण्यात येत आहे."

सेवा-अहवालात काय होतं? सहा वर्षांपूर्वीचे उशिरा येण्याचे दोन मेमो. झोपेबद्दल काहीही नाही. पूर्ण हजेरीच्या बोनसची पत्रं मात्र होती. यातलं काही आदेशात नाही. मॉडेल स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे कारखान्यातल्या शिस्तीचे आणि सेवाशर्तींचे सरकारी नमुना नियम, स्पष्ट सांगते की शिक्षा देताना गैरवर्तनाचं गांभीर्य, आधीचा रेकॉर्ड आणि शिक्षा सौम्य किंवा कडक करणारी इतर परिस्थिती लक्षात घ्यावी. 'विचारात घेतला' असं टाइप केल्याने विचार झाला असं होत नाही. कोर्ट आदेशात शोधतं ते हेच, की काय पाहिलं आणि पाहून काय वाटलं.

व्यवस्थापनाची एक अडचण खरी होती आणि ती मी हलकी मानत नाही. मॉडेल स्टँडिंग ऑर्डरमधल्या शिक्षांची शिडी मधेच तुटते. ताकीद, दंड, चार दिवसांपर्यंतचं निलंबन, आणि त्यानंतर थेट बडतर्फी. दंडालाही तेव्हाच्या वेतन प्रदान कायद्याने त्या पगाराच्या ३ टक्क्यांची मर्यादा घातली होती. सतरा वर्षांचा माणूस रात्री झोपलेला सापडला, त्याला चार दिवस घरी बसवणं कमी वाटतं, आणि त्यावरची पुढची पायरी म्हणजे नोकरीच जाणं. अशा वेळी सही करणारा म्हणतो, कमी पडण्यापेक्षा जास्त झालेलं बरं. इथेच तो चुकतो. दोन शिक्षांमध्ये एवढं अंतर असेल तर वरच्या पायरीवर पाय ठेवायला जास्त कारण लागतं, कमी नाही.

लेबर कोर्ट

महाराष्ट्रात अशा वेळी १९७१ चा एक कायदा हाताशी असतो: कामगार संघांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालण्याचा. वकील मंडळी त्याला एमआरटीयू अँड पल्प म्हणतात. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली पहिली बाब बडतर्फीबद्दल आहे आणि तिचे सात पोटभाग आहेत. पहिला, सूडबुद्धीने काढणं. शेवटचा, किरकोळ किंवा तांत्रिक स्वरूपाच्या गैरवर्तनासाठी, त्याचं स्वरूप आणि आधीची सेवा न पाहता, धक्का बसावा इतकी अवाजवी शिक्षा देणं. कलम २८ खाली ९० दिवसांत तक्रार करायची असते. ती मुदतीत झाली.

मग कामगाराच्या वकिलांनी एक गोष्ट केली, जी मला या प्रकरणातली सगळ्यात शहाणपणाची वाटते. त्यांनी पुरसिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दिली: चौकशी न्याय्य झाली हे आम्हाला मान्य आहे, निष्कर्षांवरही आक्षेप नाही, वाद फक्त शिक्षेपुरता. युनियनच्या काही लोकांना हे शरण जाण्यासारखं वाटलं. पण चौकशी रद्द करून घेतली असती तरी मालकाला गैरवर्तन कोर्टात नव्याने सिद्ध करण्याची मुभा असते, आणि त्याच्या खिशात फोटो होता. दोन-तीन वर्षं त्यातच गेली असती. पुरसिसमुळे प्रश्न एकच उरला आणि तोच कामगाराच्या बाजूचा होता.

मग व्यवस्थापनाचीच कागदपत्रं बोलायला लागली. 'मशीनला धोका' या आरोपावर मॅनेजरांची उलटतपासणी अशी झाली:

"टेप तुटली किंवा बॉबिन संपली तर लूम काय करतो?"

"थांबतो."

"कोणी बंद करावा लागतो?"

"नाही. सेन्सर आहे."

"मग धोका कशाला होता?"

"कापड खराब होऊ शकतं."

"त्या रात्रीचा रोल खराब निघाला का?"

"तो रोल वेगळा तपासला नाही."

उत्पादन नोंदवहीत दोन लूम साधारण चाळीस मिनिटं थांबल्याची नोंद होती. नुकसान तेवढंच. बॉयलर किंवा भट्टीवरचा माणूस झोपला असता तर मी हे प्रकरण फार वेगळ्या सुरात लिहिलं असतं. कोणत्या मशीनपुढे झोप लागली यावर गांभीर्य बदलतं, आणि हा मुद्दा चौकशीत कुणी विचारलाच नव्हता.

दुसरा कागद मस्टर. तो व्यवस्थापनाने स्वतःच हजर केला होता, त्या रात्री कामगार ड्युटीवर होता हे दाखवायला. मे महिना लग्नसराईचा, माणसं गावी गेलेली. मस्टरवर त्या तारखेआधी सलग बारा रात्री याची हजेरी, मधे साप्ताहिक सुटी नाही. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ चं कलम ५२ सांगत होतं की सुटी पुढेमागे केली तरी पूर्ण दिवसाच्या सुटीशिवाय दहा दिवसांपेक्षा जास्त सलग काम घेता येत नाही. म्हणजे ज्या रात्री तो झोपला त्या रात्रीच्या आधीच कायद्याने त्याला पूर्ण दिवसाची सुटी मिळायला हवी होती. यामुळे झोप माफ होत नाही. पण नियम मोडल्याबद्दल माणसाची नोकरी घेणाऱ्याने त्याच माणसाच्या बाबतीत स्वतः नियम मोडला आहे, हे शिक्षेच्या तराजूत पडायलाच हवं.

तिसरी गोष्ट अर्ज करून मागवावी लागली: अशाच प्रकरणांत आधी काय केलं त्याची नोंद. त्याच रात्री शिफ्ट इन्चार्ज केबिनमध्ये दिवा बंद करून बसला होता. त्याला लेखी ताकीद. आदल्या हिवाळ्यात दुसरा एक ऑपरेटर झोपलेला सापडला होता. त्याला चार दिवसांचं निलंबन. एकाच चुकीला एकाच छताखाली तीन शिक्षा, आणि सगळ्यात जड शिक्षा मॅनेजरांना तोंडावर उत्तर देणाऱ्याला. कोर्टात कुणी सूडाचा आरोप केला नाही. करण्याची गरजही नव्हती.

दोन निकाल, दोन झोपा

युक्तिवादात दोन्ही बाजूंनी सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ठेवले, आणि दोन्ही महाराष्ट्रातल्याच कारखान्यांतल्या झोपेचे. ते शेजारी ठेवून वाचल्याशिवाय हा विषय समजत नाही.

मालकाने दिला तो २००५ चा भारत फोर्जचा निकाल. पुण्याच्या कारखान्यातला कामगार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला सापडला. बडतर्फ झाला. खालच्या काही कोर्टांनी शिक्षा जास्त ठरवली, प्रकरण वर गेलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली. मॅनेजर लोक हा निकाल तोंडपाठ सांगतात: झोपला, काढला, टिकलं. सांगायचं राहतं ते हे की आधीही तीन वेळा तो अशाच चुकीत सापडला होता आणि तेव्हा त्याला सौम्य वागणूक दिली होती. बडतर्फी चौथ्या वेळेची.

कामगाराने दिला तो १९९८ चा कलर-केमचा निकाल. रात्रपाळी, पहाटे साडेतीन, मशीन चालू ठेवून झोपलेले दोन कामगार, आणि त्या रात्री झोपलेले ते दोघंच नव्हते. बडतर्फी रद्द झाली. त्यात एक बारकावा आहे, तो मालकाच्या वकिलांनी उचलला. सातवा पोटभाग 'किरकोळ' गैरवर्तनाबद्दल बोलतो, आणि मशीनपुढे झोपणं किरकोळ कसं? सर्वोच्च न्यायालयाने याचं उत्तर तेव्हाच दिलं होतं. गैरवर्तन मोठं असलं तरी शिक्षा धक्का बसावा इतकी जास्त असेल तर ती कायद्याच्या अर्थाने सूडबुद्धीची, म्हणजे पहिल्या पोटभागात बसणारी. मनात द्वेष होता हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. १९६५ च्या हिंद कन्स्ट्रक्शन प्रकरणातही, एका दिवसाच्या गैरहजेरीसाठी बडतर्फ केलेल्या कामगारांबाबत न्यायालयाने असंच म्हटलं होतं: अशी परिस्थिती असताना कोणताही समंजस मालक ही शिक्षा देणार नाही, मग ती दिली जाणं हाच सूडाचा पुरावा.

हे दोन निकाल एकमेकांविरुद्ध आहेत असं मला वाटत नाही. भारत फोर्जची बडतर्फी टिकली ती आधीच्या तीन नोंदींमुळे. आमच्या प्रकरणातल्या व्यवस्थापनाकडे एकही नव्हती. त्यांनी पहिल्याच वेळी चार दिवसांचं निलंबन आणि 'पुन्हा घडल्यास बडतर्फी' अशी लेखी ताकीद दिली असती तर दुसऱ्या वेळी भारत फोर्ज त्यांचा झाला असता. "याला सोडलं तर उद्या सगळे झोपतील" असं मॅनेजर साक्षीत म्हणाले. पण चार दिवसांचा पगार जाणं आणि फाईलला शेवटची ताकीद लागणं याला सोडणं म्हणत नाहीत. लूमवरचा प्रत्येक माणूस त्याचा अर्थ बरोबर लावतो.

निकाल आणि त्यानंतर

लेबर कोर्टाने अनुचित कामगार प्रथा सिद्ध मानली. कामावर परत घ्या, सेवा सलग धरा, मागचा पगार ३० टक्के. पूर्ण पगार का नाही? २०१३ च्या एका निकालात, तोही महाराष्ट्रातल्या एका शिक्षिकेचा, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बेकायदा काढलं तर पूर्ण मागील पगार हा सर्वसाधारण नियम. त्याच निकालात हेही आहे की गैरवर्तन सिद्ध आहे आणि फक्त शिक्षा जास्त झाली, तर पूर्ण पगार नाकारण्याची मुभा कोर्टाला आहे. उरलेले ७० टक्के हीच झोपेची शिक्षा ठरली. शिवाय कामगार या काळात हिंगणा टी-पॉइंटवर ई-रिक्षा चालवत होता, त्याचे फोटो मालकाने दाखल केले. पोटासाठी दुसऱ्याची रिक्षा चालवणं म्हणजे नोकरी मिळाली असं नव्हे, आणि कोर्टाने तसं मानलंही नाही, पण रक्कम ठरवताना त्याचा परिणाम झाला.

मालक कलम ४४ खाली इंडस्ट्रियल कोर्टात रिव्हिजनला, म्हणजे आदेशाची फेरतपासणी मागायला, गेला. आदेश कायम राहिला. पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जाण्याआधी दोघांनी तडजोड केली: कामावर हजर, सेवा सलग, मागच्या पगाराऐवजी ठरलेली एक रक्कम. सेवा सलग राहणं त्याच्यासाठी त्या रकमेपेक्षा मोठं होतं, कारण ग्रॅच्युइटी वर्षांवर मोजतात आणि सतरा वर्षं मधेच तुटली असती तर शेवटी हाती फार थोडं आलं असतं. थोरल्या मुलीचं कॉलेज मात्र मधेच सुटलं होतं. ते कोणत्याही आदेशाने भरून येत नाही, आणि शिक्षेच्या आदेशावर सही करणाऱ्यांनी हा हिशेबही डोळ्यांसमोर ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

आता कायद्याची जमीन बदलली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. बडतर्फी रद्द करून कमी शिक्षा देण्याचा न्यायाधिकरणाचा अधिकार औद्योगिक संबंध संहितेत राखलेला आहे. पण त्या संहितेत स्टँडिंग ऑर्डरची सक्ती ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना आहे. हिंगणा आणि बुटीबोरीतले अनेक कारखाने, या प्रकरणातल्यासारखे दीडशेच्या आतले, त्याबाहेर राहतात. अशा ठिकाणी गैरवर्तन कशाला म्हणायचं आणि त्याला कोणती शिक्षा, याचा लेखी आधार उरला नाही तर प्रत्येक शिक्षा त्या दिवशीच्या मॅनेजरच्या रागावर जाईल. सक्ती नसली तरी या कारखान्यांनी आपले नियम लिहून काढावेत, मराठीत, आणि गेटवर लावावेत. त्यात चार दिवसांचं निलंबन आणि बडतर्फी यांच्या मधल्या पायऱ्याही असाव्यात, जसं की एक वेतनवाढ रोखणं किंवा ठराविक काळापुरतं खालच्या श्रेणीत घेणं. युनियनशी बसून ठरवल्या तर त्या कोर्टातही टिकायला सोप्या. आणि नवतपात सलग रात्री लावण्याआधी मस्टर एकदा पाहावं.